एकट्याचे पान

परक्या शहरात, उंची भोजनगृहात, एकट्याने जेवावयास बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधी आला नाही, त्याला त्या वेळची मनाची अवस्था सांगून पटावयाची नाही. कारण जेवण ही आपल्याकडे पंक्तीची गोष्ट, आणि पंक्तीत शेजारी कोण, वाढणारा कोण, आग्रह करणारा कोण, हे सारे आधीच ठरलेले असते. व्हेनिसमध्ये माझ्या हातून जी चूक झाली ती या अवस्थेतूनच झाली, आणि गेलेल्या पैशांपेक्षा ती टाळणे किती सोपे होते याचे शल्य मला अधिक असल्यामुळे, तिची हकिकत तपशीलवार लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

तेथील मार्चियाना ग्रंथालयात पंधराव्या शतकातील फ्रा माउरोचा जगाचा नकाशा आहे. तो पाहण्याची इच्छा अनेक वर्षांची होती. ती पूर्ण झाल्याच्या आनंदात, चार दिवस पाव आणि चीज उभ्याउभ्याने खाऊन काढल्यावर, एका संध्याकाळी कालव्याकाठच्या एका नामांकित भोजनगृहात मी शिरलो. वेटरने एक बोट वर करून ‘एकटेच?’ असे विचारले, मला दोघांच्या टेबलाशी बसविले, आणि समोरच्या जागेवरील पेला, घडी घातलेला रुमाल आणि काटे-सुऱ्या उचलून नेल्या. हा त्यांचा रोजचा शिरस्ता. त्यात अवमान लेशमात्र नव्हता. परंतु टेबलाचा तो उघडा पडलेला अर्धा भाग पाहताच साऱ्या दालनाची दृष्टी माझ्यावर खिळली आहे असे मला वाटू लागले, आणि त्या क्षणापासून, कोणास काही न विचारता, कोणाचा खोळंबा न करता, सारे बिनबोभाट पार पडावे एवढीच इच्छा मनात उरली.

काही वेळाने बर्फावर मांडलेल्या मासळीचे तबक माझ्यापुढे आले. माझे बालपण वेंगुर्ल्यास गेले. कल्ल्यांची लाली, डोळ्यांचा फुगीर तजेला, बोटाने दाबल्यावर तत्काळ वर येणारे मांस, ही पारख आईने बाजारात उभे राहून शिकविलेली. दोन डोळ्यांच्या मधोमध सोनेरी पट्टा असलेला ओराता नावाचा तो रुपेरी मासा निःसंशय त्याच दिवसाचा होता. मी मान डोलावली. दरपत्रकात त्याच्यापुढे ८ युरो असा आकडा होता आणि आकड्यापाशी ‘एत्तो’ हा बारीक शब्द. त्याचा अर्थ विचारावा असे मनात येऊनही मी विचारला नाही. ज्या आईने कल्ले पाहावयास शिकविले, तिने भाव ठरल्यावाचून एकही मासा टोपलीतून उचलू दिला नव्हता, हे त्या क्षणी मला आठवावयास हवे होते.

मासा येण्यापूर्वी, मागितली नसता, कच्च्या कोळंबीची आणि माशाच्या पातळ कापांची एक लहानशी बशी पुढे आली. ती सरबराई समजून मी खाल्ली. मासा उत्तम होता, पण दोघांना पुरून उरेल एवढा होता, आणि पाऊण खाल्ल्यावर मला तो संपविता आला नाही.

एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. माशाचे वजन, काटे आणि आतडी धरून, १ किलो १०० ग्रॅम. सबब त्याचे ८८ युरो. बशीचे २४, भाजीचे ८, पाण्याच्या बाटलीचे ५, ‘कोपेर्तो’ म्हणून ५, आणि या १३० युरोंवर बारा टक्के सेवा-आकार. एकूण १४५ युरो ६० सेंट. एका शब्दाची रुजुवात न करता मी रक्कम भरली आणि बाहेर पडलो.

मी उतरलो होतो त्या घराच्या वृद्ध मालकीणबाईंना दुसऱ्या दिवशी बिल दाखविले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “वजन विचारले होते का?” ते विचारले असते तर मासा माझ्यासमक्ष तोलला गेला असता, आणि एकट्यापुरता लहान मासा मागता आला असता. २०१८ च्या जानेवारीत याच शहरात चार जपानी विद्यार्थ्यांना एका जेवणाचे ११४३ युरोंचे बिल देण्यात आले, त्यांनी पुढे पोलिसांकडे तक्रार नेली आणि प्रकरण देशोदेशी गाजले. माझ्या बाबतीत फिर्यादीस जागाच नव्हती. न मागितलेली ती बशी सोडली तर प्रत्येक कलम दरपत्रकात छापलेले होते. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत आले, आणि एकटा प्रवासी तर तिच्या पुरता ताब्यात असतो, कारण सोबत्याने सहज विचारले असते ते प्रश्न विचारणारे त्याच्यापाशी दुसरे कोणीच नसते.

म्हणून जो एकटा जाणार असेल त्याने ते प्रश्न घरूनच बरोबर न्यावेत. इटलीत दरपत्रक बहुधा दाराबाहेर लावलेले असते; ते रस्त्यावर उभे राहून सावकाश वाचावे, तेथे कोणी घाई करीत नाही. कोपेर्तो हा पाव आणि मांडामांड यांसाठी माणशी घेतला जाणारा आकार. तो छापलेला असेल तर त्याबद्दल वाद घालू नये, सेवा-आकार मात्र निराळा आहे काय ते पाहावे. पदार्थापुढे तारांकन असेल तर जिन्नस गोठविलेला असतो. रिसोत्तोसारखे काही पदार्थ दोघांसाठीच करतात, आणि तसे लिहिलेले असते. मागितले नसता काही पुढे आले, तर हात लावण्यापूर्वी त्याचे पैसे पडतील काय, हे विचारावे. माशासाठी ‘क्वांतो पेझा?’, म्हणजे वजन किती, हे दोन शब्द पाठ असावेत. जागा आगाऊ राखून ठेवावी आणि एकच माणूस आहे हे तेव्हाच स्वच्छ सांगावे. सायंकाळी सातच्या सुमारास, दार उघडताच गेल्यास वेटरला बोलावयास सवड असते. बिल मागितल्यावाचून तेथे कोणी आणत नाही. ते आले की टेबलाशीच ओळीओळीने ताडून पाहावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी रिआल्तोच्या पलीकडे दुसऱ्या एका भोजनगृहात गेलो. दुसरा पेला याही वेळी उचलला गेला. आरंभी मागविलेली तारली, कांदा, शिर्का आणि बेदाणे यांत मुरविलेली, खाताना आमच्या किनाऱ्यावरच्या आंबटाची आठवण झाली. मग तबक आले आणि मी वजन विचारले. वेटरने चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता मासा आत नेला, तराजूवर ठेवला, आणि परत येऊन चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहून ती माझ्यापुढे सरकविली: ४२० ग्रॅम. मी होय म्हटले, आणि तो आत गेल्यावर खिडकीबाहेरच्या पाण्याकडे पाहत, अंग सैल सोडून, खुर्चीत नीट बसलो.