पर्जन्यमापक : एका मिलिमीटरचा हिशेब

मृग नक्षत्र लागले की गावोगाव पावसाचे बोलणे सुरू होते. ओल वीतभर गेली की चार बोटे, ओढ्याला पाणी आले की नाही, वाफसा केव्हा येईल, अशी त्याची परिमाणे असतात. शेतकऱ्याची ही भाषा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली असून पेरणीचा निर्णय घेण्यास ती उपयोगी पडते. परंतु एका गावाच्या पावसाची दुसऱ्या गावाच्या पावसाशी तुलना करावयाची झाल्यास अंकांचा आश्रय घ्यावा लागतो. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजण्यात येते व पीकनुकसानीच्या मदतीचा विचार करताना हा अंक महत्त्वाचा ठरतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाईही हवामान केंद्रावरील नोंदींवरूनच ठरते. यास्तव हा अंक कसा मिळतो व तो कोठे चुकू शकतो, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी या सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पाऊस लांबीच्या एककात का?

दूध लिटरमध्ये आणि धान्य किलोग्रॅममध्ये मोजले जाते. मग पाऊस मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीच्या एककात का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. अंगणात एक परात आणि एक सरळ उभ्या कडांचा डबा ठेवला, तर परातीत अधिक पाणी साचते, कारण तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ मोठे असते. मात्र परातीच्या कडाही सरळ उभ्या असतील, तर दोहोंतील पाण्याची उंची सारखीच भरेल. आकारमानाला क्षेत्रफळाने भागले की उंची मिळते आणि ती भांड्याच्या आकारावर अवलंबून राहत नाही. पडलेले पाणी न वाहता, न मुरता व वाफ न होता जमिनीवर साचून राहिले असते, तर त्याची जी उंची झाली असती, ते त्या ठिकाणचे पर्जन्यमान होय.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर हेच पाणी दहा हजार लिटर होते आणि ६५ मिलिमीटर पावसाचे साडेसहा लाख लिटर. बांधबंदिस्ती, शेततळे वा पाझर तलाव यांचा विचार करताना हा साधा गुणाकार उपयोगी पडतो.

भांड्याचे तोंड ठरावीक असले पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवण्याचा निर्देश असून अश्मक देशाचे पर्जन्यमान साडेतेरा द्रोण दिले आहे. द्रोण हे लांबीचे माप नव्हे. पण कुंडाचे तोंड निश्चित केल्यामुळे त्यालाही अर्थ प्राप्त झाला.

उपकरण आणि त्याची जागा

आपल्याकडील साध्या पर्जन्यमापकात वर गोल कडेचे नरसाळे व आत पाणी साठविणारी बाटली असते. बाटलीचे तोंड अरुंद असल्याने साठलेल्या पाण्याचे बाष्पीभवन अल्प होते. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर असते व प्रत्येकासाठी स्वतंत्र काचेचे मोजपात्र असते. २०० चौरस सेंटिमीटरच्या उपकरणात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० घनसेंटिमीटर पाणी. १०० च्या उपकरणात १० घनसेंटिमीटर. मोठ्या उपकरणाचे मोजपात्र लहान उपकरणासाठी वापरले, तर ६६ मिलिमीटर पाऊस ३३ असा नोंदला जाईल. यात वाचणाऱ्याची नजर चुकत नाही, पाणीही सांडत नाही. तरीही अतिवृष्टी झालेले मंडळ कागदावर कोरडे ठरते.

उपकरणाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच व पूर्णपणे क्षितिजसमांतर असावी लागते. कड याहून खाली असल्यास जमिनीवरून उडणारे शिंतोडे आत येतात. ती फार उंच असल्यास तेथे वाऱ्याचा वेग अधिक असल्याने थेंब बाजूला वाहून जातात. झाड, भिंत किंवा इमारत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर उपकरण असावे. म्हणजे पाच मीटर उंचीच्या भिंतीपासून ते निदान दहा मीटर दूर हवे. प्रारंभी मोकळ्या जागेत बसविलेल्या उपकरणाशेजारी दहा वर्षांत निंब वाढतो आणि पाऊस कमी झाल्याचा भास निर्माण होतो.

आता ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रे आहेत. त्यांपैकी अनेकांत तोलावर बसविलेली दोन लहान पात्रे असतात. ठरावीक पाणी भरताच एक पात्र कलंडते, दुसरे नरसाळ्याखाली येते आणि कलंडण्यांची संख्या यंत्र मोजते. मात्र नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर धो धो पावसातही हे यंत्र शून्य दाखवील. यंत्र स्वयंचलित झाले तरी त्याची स्वच्छता माणसालाच करावी लागते.

वाचन व नोंद

मोजपात्र सपाट जागी ठेवून डोळे पाण्याच्या पातळीत आणावेत. वरून पाहिल्यास अंक जास्त दिसतो, खालून पाहिल्यास कमी. काचेलगत पाणी किंचित वर चढते व पृष्ठभाग अंतर्वक्र होतो. वाचन त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूशी घ्यावे. मोजपात्रावर ०.२ मिलिमीटरच्या खुणा असतील, तर ते त्याचे लघुतम माप होय. पाऊस मोठा असल्यास पाणी अनेक वेळा भरून मोजावे व प्रत्येक वेळचा अंक लगेच लिहून अखेर बेरीज करावी.

भारत हवामान विभागाच्या पद्धतीनुसार दैनिक नोंद सकाळी साडेआठ वाजता होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत कोसळलेल्या पावसाची सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटर ही नोंद २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची आहे. वेळ न पाळल्यास एका दिवसाचा पाऊस दोन दिवसांत विभागला जातो आणि चोवीस तासांची कसोटी निरर्थक ठरते.

नोंदवहीत 'शून्य' आणि 'नोंद घेतली नाही' यांतील भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. शून्य हेही एक मोजमापच आहे. सुटीच्या दिवशी वाचन राहिले, तर तेथे शून्य किंवा शेजारच्या गावाचा अंक लिहू नये. दुसऱ्या दिवशी मिळालेले पाणी दोन दिवसांचे एकत्रित आहे, असे स्पष्ट नमूद करावे.

शाळेतील प्रयोग

महागडे उपकरण नसले तरी शाळेला हा अभ्यास करता येतो. दहा सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे बाटलीवर बसवावे. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे ७८.५ घनसेंटिमीटर पाणी साठले की पाऊस दहा मिलिमीटर झाला. मोजपात्र फुटले असल्यास पाणी तराजूत तोलावे. पाण्याची घनता एका घनसेंटिमीटरला सुमारे एक ग्रॅम असल्याने वजनावरून आकारमान कळते. एकाच प्रयोगात क्षेत्रफळ, आकारमान, घनता, लघुतम माप व वाचनातील त्रुटी हे पाठ्यपुस्तकातील पाच पाठ प्रत्यक्ष होतात. दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे वाचन घ्यावे व फरक आढळल्यास त्याचे कारण शोधावे.

शाळेची नोंद शासकीय नोंदीची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु दोहोंत वारंवार मोठी तफावत आढळल्यास उपकरणाची जागा, कड व नरसाळे तपासण्याची विनंती करण्यास ग्रामपंचायतीपाशी आधार राहील. अशी तपासणी पावसाळ्यापूर्वीच झालेली बरी. नुकसान झाल्यानंतर अंकाविषयी वाद घालता येतो. पण वाहून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.