तीव्र मज्जाविकारातील हृत्स्नायुदौर्बल्य : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

प्रस्तावना : जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसचा उद्रेक झाला. २०० हून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. अनेकांना आधी अतिसार झालेला होता. हातापायांचे बळ अकस्मात गेलेला रुग्ण खानदेशातही पुष्कळदा प्रथम गावच्या वैद्याकडेच येतो. त्या वेळी आपले सारे लक्ष शाखांकडे जाते व हृदय दुर्लक्षित राहते.

संप्राप्ती : जीबीएस, मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव, पक्षाघात, अपस्माराचे दीर्घ वेग यांत ॲड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा अतिस्राव होऊन हृत्स्नायू काही काळ निर्बल होऊ शकतो. बहुधा डाव्या जवनिकेचा अग्रभाग फुगतो व आकुंचन पावत नाही. १९९० साली जपानी वैद्यकांनी या आकारावरून अष्टपाद पकडण्याच्या मडक्याचे ‘ताकोत्सुबो’ हे नाव या विकारास दिले. चरकाचार्यांनी शिर, हृदय व बस्ती ही प्रधान मर्मे मानली. वाग्भटाचार्यांनी व्यानाचे स्थान हृदय सांगितले. शिराच्या आघाताने हृदय पीडित होते, हे समजण्यास ही दृष्टी उपयुक्त आहे. मात्र दोन्ही शास्त्रांतील संज्ञा एकच मानू नयेत.

लक्षणे : उरःशूल, श्वास, हृद्द्रव, मूर्च्छा. बेशुद्ध वा बोलू न शकणारा रुग्ण शूल सांगू शकत नाही. म्हणून नाडीची अनियमितता, रक्तदाबातील चढउतार व श्वासाची गती वारंवार पाहावी. ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो, ट्रोपोनिनही वाढते. इकोकार्डिओग्राफी व अँजिओग्राफीशिवाय विभेद होत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. तथापि मज्जाविकारात पुरुषही अपवाद नाहीत.

चिकित्सकांसाठी : बळ वेगाने जात असेल किंवा गिळणे, बोलणे, श्वास यांत अडथळा असेल, तर स्नेहन-स्वेदनात वेळ न दवडता १०८ रुग्णवाहिकेने जळगाव वा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. दिलेल्या औषधांची नोंद चिठ्ठीवर लिहून द्यावी. वातव्याधी म्हणून महावातविध्वंसन रस सहज दिला जातो. त्यातील वत्सनाभ हृदयाची लय बिघडवू शकतो. विषतिंदुक वटीतील कुचला मज्जासंस्थेस उत्तेजित करतो. या अवस्थेत दोन्ही टाळावेत.

औषधी विक्रेत्यांसाठी : सोमलतेच्या कल्पांत इफेड्रिन असते, ते हृदयावरील उत्तेजनाचा भार वाढवते. पक्षाघात वा हृद्रोगाचा रुग्ण असल्यास वैद्याच्या चिठ्ठीविना असे कल्प देऊ नयेत.

निष्कर्ष : सुरुवातीचे दिवस पार पडल्यास हृदय बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. धोका असतो तो त्या पहिल्या दिवसांतच. जीबीएसनंतरचे दौर्बल्य, अग्निमांद्य व अंगाचा जखडलेपणा यांत आयुर्वेदास पुष्कळ वाव आहे. पण त्यासाठी रुग्ण आधी जगला पाहिजे. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविणे हेही चिकित्सेचेच अंग होय.