पाठ : भोपळ्याचा वेल व मधमाशी

भोपळ्याचा वेल फुलांनी भरून जातो, परंतु फळ धरत नाही, असे पुष्कळदा घडते. मग घरची माणसे म्हणतात, वेलास दृष्ट लागली. ही समजूत नुसत्या उपदेशाने जात नाही. शिक्षकांनी मुलांच्या हातूनच तिची परीक्षा करवावी.

पहिला दिवस. सकाळी लवकर वर्गास वेलापाशी न्यावे. फुले दोन जातींची दिसतील. ज्याच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो ते मादी फूल. ज्याच्या बुडाशी तो नसतो ते नर. नर फुलाचा मधला दांडा पाटीवर टेकवावा. पिवळी पूड उमटेल, तोच पराग. तो जड व चिकट असल्यामुळे वाऱ्याने दूर जात नाही. मग मादी फुलापर्यंत तो नेतो कोण? मुलांस थोडे दूर, शांत बसवून दहा मिनिटांत फुलांवर किती मधमाश्या आल्या हे मोजावयास सांगावे. माशी पकडू नये.

त्याच सायंकाळी, टोक पिवळे झालेल्या सहा मादी कळ्या निवडाव्या. चारांवर पातळ फडक्याच्या पिशव्या बांधाव्या. दोन उघड्या ठेवाव्या. दोन नर कळ्याही झाकाव्या.

दुसरा दिवस. फुले उमलताच झाकलेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या व दांडा झाकलेल्या दोन मादी फुलांच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. त्यांच्या देठास लाल दोरा बांधावा. चारही फुले पुन्हा झाकावी. हे काम सकाळीच उरकावे, कारण फूल दुपारपूर्वी मिटते व पुन्हा उमलत नाही.

आठवड्याने पाहावे. ज्यांस पराग मिळाला नाही ती फळे पिवळी पडून गळतील. लाल दोऱ्याची व माश्यांनी भेट दिलेली बहुधा वाढू लागतील. पाणी कमी पडल्यानेही फळ गळते. म्हणून हा प्रयोग दोन-तीन वेलांवर करावा.

हा पाठ मुलांनी घरी सांगावा. फुले उमललेली असता सकाळी विषारी औषध फवारले, तर मधमाश्या मरतात. फवारणे भागच असेल तर फुले मिटल्यावर सायंकाळी करावे. मधासाठी पोळे जाळणारा एकदाच मध खातो, परंतु शेजाऱ्याच्याही वेलाचे फळ गमावतो.

प्रश्न : १. नर फुलास फळ का धरत नाही? २. चारही फुले पुन्हा का झाकली? ३. आपल्या गावात पोळी कोठे आहेत?