पैचा हिशोब आणि फोनमधला पैसा

॥ श्रीगुरवे नमः ॥



या आठवड्याचा विषय वाचून काहींना वाटेल, यूपीआयचा आणि उपासनेचा काय संबंध? पण पैसा रोज आपल्या हातातून जातो. तो कसा जातो, हा साधनेचाच प्रश्न आहे.

संत एकनाथांची कथा आपण सगळे ऐकत आलो. जनार्दनस्वामींकडे हिशोब लिहिताना एका पैची चूक राहिली, ती शोधायला नाथ रात्रभर जागले. सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. ही कथा आपण एकाग्रतेसाठी सांगतो. आज ती हिशोबासाठीही आठवू या.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. आज इथे इंदूरला सराफ्यातल्या चाटवाल्यापासून कोथिंबीर विकणाऱ्या बाईपर्यंत क्यूआर कोड दिसतो. सुट्ट्यांची कटकट गेली, ही सोय मोठीच. पण नोट दिली की पाकीट हलकं झालेलं कळायचं. फोनमधला पैसा जाताना हाताला काही जाणवत नाही. म्हणून आता मनानेच जागं राहायला हवं. त्यासाठी चार गोष्टी.

१) रोजचा हिशोब.
रात्री नामस्मरणाला बसण्याआधी पाच मिनिटं फोनमधली दिवसभराची यादी उघडावी. वहीत तीन रकाने करावेत: गरजेचं, हौसेचं आणि "कशाला दिले आठवत नाही". हा तिसरा रकाना म्हणजे आपली पै. ती शोधायची.

२) आपला पैसा आपल्या हातात.
आपल्या आई-सासूबाईंचे चार पैसे डाळीच्या डब्यात असायचे. आता ओवाळणीसुद्धा फोनवर येते, आणि कित्येक आजींचं खातं मुलाच्या फोनवर चालतं. मुलगा कितीही प्रेमळ असो, दहा रुपयांच्या फुलपुडीसाठी कुणाकडे मागावं लागलं की मन खट्टू होतंच. तरुण साधकांनो, आजींना शिकवा. फोन त्यांच्याच हातात ठेवा, पिन त्यांनाच टाकू द्या, आणि तेव्हा आपण मान फिरवा. ज्यांना हे नकोच वाटतं त्यांना हसू नका. थोडी रोकड तर प्रत्येक घरात हवीच. नेटवर्क जातं, बॅटरी संपते.

३) सावधपणा.
पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो. पिन टाकण्याआधी समोर आलेलं नाव वाचा. "डिजिटल अरेस्ट" असं कायद्यात काही नाही, असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. गुरूंच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला तर आधी केंद्रात विचारा. श्रद्धा असली तरी चौकशी करायला हरकत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर आणि बँकेला कळवा. लाजून गप्प बसू नका, वेळ गेला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

४) गुप्तदान.
पेटीत मूठ झाकून टाकलेलं कुणाला कळत नाही. क्यूआरवर नाव आणि रक्कम दोन्ही उमटतात. केंद्राच्या हिशोबाला ते बरं. पण त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला की अकरा रुपये देणारी ताई संकोचते. देणं झालं की ते तिथेच सोडावं. आणि क्यूआरशेजारी पेटीही राहू द्यावी.

या आठवड्याचा अभ्यास:
सात दिवस वही लिहा. एका ज्येष्ठ व्यक्तीला एक व्यवहार शिकवा. पुढच्या सत्संगात रकमा सांगायच्या नाहीत, तिसऱ्या रकान्यात काय सापडलं तेवढंच सांगायचं.

गुरुमाउली आपल्या सर्वांना विवेक देवो.

आपल्या सेविका भगिनी 🙏