‘ओडिसी’शी मैत्री कशी करायची?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत नववीत आहे. साहित्याच्या तासाला होमरचं ‘ओडिसी’ नेमलंय. नावांची गर्दी आणि मध्येच सुरू होणारी गोष्ट यामुळे ती कंटाळते. घरी मदत कशी करू?
– एक आई

उत्तर : तिचा कंटाळा स्वाभाविक आहे. २४ सर्गांच्या या काव्यात नायक ओडिसियस प्रत्यक्ष भेटतो तो पाचव्या सर्गात. एकडोळ्या राक्षसाची, जादूगारीण सर्सीची गोष्ट तो नवव्या ते बाराव्या सर्गांत स्वतःच सांगतो. म्हणून आधी नववा सर्ग वाचा, मग सुरुवातीकडे वळा.

वाचन मोठ्याने करा. तीच ती विशेषणं पुन्हा पुन्हा येतात, कारण हे काव्य तोंडी गायलं जाई आणि त्यांच्या आधारे गायक ओळ छंदात बसवत असे. अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांचं गायन ध्वनिमुद्रित करून अशाच मौखिक परंपरेचा अभ्यास केला. एमिली विल्सन यांचा २०१७चा इंग्रजी अनुवाद छंदोबद्ध, तरीही सोपा आहे.

प्रत्येक सर्गानंतर विचारा : इथे पाहुण्याशी कोण कसं वागलं? या काव्याची नीती त्यातच आहे. काव्यात पुढे येणाऱ्या धनुष्याच्या पैजेपाशी द्रौपदीचं स्वयंवर तिला जरूर सांगा. तिथे अर्जुन ब्राह्मणवेषात, इथे ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात!

शेवटी तत्त्वज्ञ प्लेटो. ‘रिपब्लिक’मध्ये त्याने होमरवर कडक टीका केली आहे. ती पटते का, यावर मुलीला मनसोक्त वाद घालू द्या. साहित्याचा खरा अभ्यास तिथे सुरू होतो.