काळ्या स्क्रीनपुढचं करिअर

‘बाकीच्या मुलांनी ॲप बनवली, वेबसाइट बनवल्या. आमची रात्र-रात्र काळ्या स्क्रीनवर काहीबाही टाइप करत बसते. विचारलं तर म्हणते, ड्रायव्हर लिहितेय. यात पुढे काही आहे का?’ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. पुढे नक्कीच आहे. मात्र ही वाट आपल्या मुलाची आहे की नाही, हे भरमसाट फीचा क्लास लावण्याआधी घरच्या लॅपटॉपवरच तपासता येतं.

काम नेमकं काय?

लिनस टोर्व्हाल्ड्सने १९९१ मध्ये जाहीर केलेलं लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आज अँड्रॉइड फोनमध्ये, सर्व्हरमध्ये, वाय-फाय राउटरमध्ये चालतं. नवा सेन्सर, कॅमेरा किंवा चिप आली की कर्नलला तिच्याशी बोलता यावं म्हणून ड्रायव्हर लिहावा लागतो. तो कर्नलच्या मूळ सोर्समध्ये असू शकतो, नाहीतर स्वतंत्र फोल्डरमध्ये लिहून चालू कर्नलला जोडता येतो. या दुसऱ्या प्रकाराला आउट-ऑफ-ट्री मॉड्यूल म्हणतात.

हा केवळ कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा विषय नाही. एनव्हिडियाने २०२२ मध्ये आपल्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. ती मॉड्यूल मूळ सोर्सच्या बाहेरूनच येतात. अँड्रॉइडमध्येही गूगलने ५.१० कर्नलपासून मूळ गाभा सगळ्यांसाठी सामायिक केला आणि चिप व फोन बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवायला लावले. म्हणजे हे काम जाणणारी माणसं या कंपन्यांना लागतातच.

घरच्या घरी चाचणी

साधा लॅपटॉप पुरतो. त्यावर व्हर्च्युअल मशीन घालून त्यात उबुंटू किंवा डेबियन टाकावं. ही खबरदारी हवीच, कारण मॉड्यूलमधली एक चूक आख्खं मशीन बंद पाडू शकते. मग चालू कर्नलची हेडर्स इन्स्टॉल करायची आणि सी भाषेत एक छोटी फाइल लिहायची: मॉड्यूल चढताना एक संदेश, उतरताना दुसरा. मेकफाइलमध्ये ‘ऑब्ज-एम’ची एक ओळ लागते. ‘मेक’ला दोन पत्ते द्यायचे, ‘-सी’पुढे कर्नलच्या बिल्ड फोल्डरचा आणि ‘एम=’पुढे आपल्या फोल्डरचा. बाकीचं कर्नलची बिल्ड यंत्रणा, म्हणजे केबिल्ड, बघून घेते. तयार झालेली ‘केओ’ फाइल ‘इन्समॉड’ने चढवायची, ‘डीमेसेज’मध्ये संदेश उमटला का पाहायचं, ‘आरएममॉड’ने उतरवायची.

‘आउट-ऑफ-ट्री मॉड्यूलमुळे कर्नल टेंट झालं’ असा इशारा दिसला तर घाबरू नये. पुढे बिघाड झाला तर तपासणाऱ्याला कळावं म्हणून केलेली ती नोंद असते.

खरी परीक्षा पुढे आहे. एखाद्या दिवशी तीच फाइल चढत नाही आणि ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असं उत्तर येतं. काही मुलं तिथेच कंटाळून सोडून देतात. काही जण ‘मॉडइन्फो’ चालवून, मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बिल्ड झालं हे सांगणारी व्हरमॅजिकची ओळ वाचतात, ती चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या ‘यूनेम -आर’च्या उत्तराशी ताडतात आणि हेडर्स एका कर्नलची, चालू कर्नल दुसरंच, हे शोधून काढतात. आपलं मूल या दुसऱ्या गटातलं असेल तर त्याला या क्षेत्रात अवश्य जाऊ द्या.

पगार कशाचा मिळतो?

कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि आतली फंक्शन्स जशीच्या तशी राहतील, अशी हमी कर्नलचे डेव्हलपर देत नाहीत. ५.६ मध्ये प्रोक फाइलसाठी वेगळं स्ट्रक्चर आलं. ६.४ मध्ये ‘क्लास क्रिएट’ या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट गेला. दोन्ही वेळा मूळ सोर्समधले ड्रायव्हर बदल करणाऱ्यांनीच दुरुस्त केले. बाहेरचे ज्याचे त्याने दुरुस्त करायचे. डीकेएमएस हे साधन कर्नल अपडेट झाल्यावर मॉड्यूल आपोआप पुन्हा बिल्ड करतं, पण जुना कोड नव्या कर्नलला साजेसा करून देत नाही. ते काम माणसाचं, आणि या क्षेत्रातल्या कितीतरी नोकऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

म्हणून ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ हे इंटरनेटवर मोफत मिळणारं पुस्तक संकल्पनांसाठी जरूर वाचावं; पण त्याची तिसरी आवृत्ती २००५ ची आहे, तिच्यातली उदाहरणं आज जशीच्या तशी बिल्ड होणार नाहीत. ती आजच्या कर्नलवर चालवून दाखवणं हाच उत्तम प्रकल्प.

पालकांचे प्रश्न

कोणती शाखा घ्यावी? कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, कोणतीही चालेल. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनाही अडसर नाही. सी भाषेतले पॉइंटर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मायक्रोकंट्रोलर हे विषय मात्र पाठांतरावर काढू नयेत.

पदवीनंतर काय? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. प्रवेशासाठी सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. पुढे शिकायचं असेल तर गेट देऊन एम.टेक.

नोकऱ्या किती? वेब आणि ॲपच्या तुलनेत जागा कमी असतात, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. सुरुवातीला टेस्टिंग किंवा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणण्याचं काम मिळू शकतं. ते कमी दर्जाचं समजू नये, हात त्यातच बसतो.

मार्क बेताचे आहेत, चालेल का? कंपन्यांची टक्केवारीची अट असेल तिथे अडेल. पण लिनक्सचा सोर्स सगळ्यांना खुला आहे. ‘स्टेजिंग’ विभागातल्या ड्रायव्हरमध्ये छोटी सुधारणा करून ‘चेकपॅच’ने तपासून पॅच पाठवायला कुठलीही गुणपत्रिका लागत नाही. पॅच स्वीकारला गेला की मुलाचं नाव कर्नलच्या इतिहासात कायमचं नोंदलं जातं आणि मुलाखत घेणारा ते स्वतः पडताळून पाहू शकतो.

तेव्हा पालकहो, या सुट्टीत मुलाला एकच काम सांगा: एक छोटं मॉड्यूल लिही, ते दोन वेगळ्या कर्नलवर चालव आणि दुसऱ्या वेळी काय बदलावं लागलं ते एका पानावर लिहून काढ. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलीत ते पान सगळ्यात वर असू द्या.