आजोबांची हत्यारपेटी

नाशिकजवळचे अंबड हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. त्या काळी गावोगावी बारा बलुतेदार असत व सुतार हा त्यांपैकी एक. नांगर, कुळव, बैलगाडी यांची दुरुस्ती तो वर्षभर करी आणि सुगीच्या दिवसांत शेतकरी त्याला धान्य देत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे अंबडच्या शिवारात त्याची वसाहत वसली. कारखाने आले आणि लाकडी नांगर मागे पडला.

त्याच अंबडमधील एका घराच्या पडवीत एक वृद्ध सुतार अजूनही शेजाऱ्यांचे पाट व चौरंग दुरुस्त करून देत असत. परंतु त्यांची दृष्टी मंदावली होती. सारी हत्यारे गोणपाटाच्या एकाच पिशवीत असत. एके दिवशी पिशवीत हात घालताच पटाशीची धार त्यांच्या बोटाला लागली. "आता पुरे झाले, हत्यारे विकून टाका," घरातील मंडळी म्हणाली. आजोबा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

बारा वर्षांच्या नातवाने हे पाहिले. सकाळी तो म्हणाला, "आजोबा, आपण हत्यारांना पेटी करू या. प्रत्येकाची जागा ठरली, म्हणजे डोळ्यांनी शोधायला नको."

जुन्या खोक्याच्या २ सेंटिमीटर जाडीच्या फळ्या निघाल्या. आजोबा सांगत आणि नातू गुण्या लावून रेघा आखी. तळाची फळी ४५ सेंटिमीटर लांब ठरली. तिच्या दोन्ही टोकांना उंच फळ्या उभ्या करून त्यांच्या भोकांतून आरपार दांडा बसवायचा होता. नातवाने घाईने ४५ सेंटिमीटरचाच दांडा कापला. तो दोन्ही भोकांपर्यंत पोहोचेना!

"टोकांच्या फळ्यांची जाडी मोजायची राहिली," आजोबा शांतपणे म्हणाले. "४५ आणि ४ मिळून ४९. कापलेले लाकूड पुन्हा वाढत नाही, बाळ." चुकलेला तुकडा त्यांनी फेकला नाही, त्यातून कानशीला मूठ केली.

खिळे ठोकताना नातवाने विचारले, "तळाला खालूनच ठोकू का?"

"नको. पेटी उचलली की हत्यारांचा भार तळावर येतो. खालचे खिळे त्या भाराने हळूहळू उपटतात. बाजूचे खिळे तो पेलतात. आणि फळीच्या टोकाशी आधी गिरमिटाने बारीक भोक पाड, नाहीतर लाकूड रेषेवर चिरते."

शेवटी आत खाचांची पट्टी बसली. अरुंद पटाशीपासून रुंद पटाशीपर्यंत सर्व हत्यारे धार खाली व मूठ वर अशी ओळीने उभी राहिली. करवतीला एका कडेची जागा मिळाली.

आजोबांनी पेटीवरून हात फिरवला. डोळे मिटून त्यांनी तिसरी मूठ धरली. हवी होती तीच पटाशी हाती आली. इतक्यात सूनबाईंनी घरातला डुगडुगणारा पाट आणून त्यांच्यापुढे ठेवला. हत्यारे विकण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

प्रश्न
१. दांडा आखूड का पडला?
२. तळाचे खिळे बाजूने का ठोकले?
३. आजोबा त्या रात्री नीट का जेवले नसतील?